चिकटविलेल्या यादीचे रकाने

गांवोगांवच्या सहकारी सोसायट्या, पाणीवापर संस्था व उपसा सिंचन मंडळ्या यांच्या चिटणिसांस हल्लीं एक नवेंच काम पडूं लागलें आहे. पूर्वीं खातेदारांची यादी तलाठ्याच्या दप्तरांतून हातानें उतरून आणावी लागे. आतां तीच यादी संगणकावर छापील पानाच्या रूपानें येते. ती उचलावी, आपल्या संगणकांतील कोऱ्या पानावर चिकटवावी, कीं काम झालें असें वाटतें. वस्तुतः काम तेथून सुरू होतें. छापील पानावर जे रकाने रेघांनीं आंखलेले असतात ते चिकटवितांना नाहींसे होतात. रेघा जातात, मधलें अंतर जातें, आणि अनुक्रमांक, गट नंबर, नांव व क्षेत्र हीं सर्व एका ओळींत, खळ्यावर मिसळलेल्या धान्यासारखीं, येऊन पडतात. हें धान्य पाखडून पुन्हा ज्याच्या त्याच्या कणगींत कसें घालावें, हा या लेखाचा विषय आहे.

बहुतेक मंडळी असल्या वेळीं एक्सेलचा तक्ता उघडतात. तक्त्याचें साधन चांगलें आहे व छपाईसाठीं शेवटीं त्याचाच उपयोग करावा. परंतु जमिनीच्या यादीस त्याची एक खोड फार नडते. गट नंबर १२ चा पोटहिस्सा १ हा ‘१२/१’ असा लिहिलेला दिसला, कीं तक्ता त्यास तारीख समजतो, आणि आपल्या ठरलेल्या रीतीप्रमाणें १२ जानेवारी किंवा १ डिसेंबर करून ठेवितो. ‘४५/२अ’ ही तारीख होऊं शकत नाहीं, म्हणून तो नंबर तसाच राहतो. अशा रीतीनें एकाच रकान्यांत कांहीं गट नंबर व कांहीं तारखा जमतात, आणि मूळ अक्षर पुसलें गेल्यामुळें मागें फिरण्याची वाट राहत नाहीं. ज्या साधनांविषयीं मी येथें लिहिणार आहे तीं असा शहाणपणा करीत नाहींत. त्यांच्या दृष्टीनें १२/१ हीं केवळ अक्षरें आहेत.

हीं साधनें जुनीं आहेत. अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतीं बेल लॅबोरेटरीज म्हणून संशोधनशाळा होती. तेथें १९६९ सालीं युनिक्स नांवाच्या संगणक-व्यवस्थेस आरंभ झाला. तिचा पहिला नित्य उपयोग त्याच संस्थेच्या पेटंट कचेरींतील टंकलेखकांनीं केला, ही गोष्ट आम्हां कारकुनी पेशाच्या माणसांस बरी वाटेल अशी आहे. एका आज्ञेचें उत्तर सरळ दुसऱ्या आज्ञेंत सोडण्याची युक्ति डग्लस मॅक्इलरॉय यांनीं सुचविली व ती १९७३ सालीं अमलांत आली. पाटाचें पाणी एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत जावें तसा हा प्रकार असून, त्याची खूण म्हणजे कळफलकावरील उभी रेघ होय. रकान्यांचें काम करणारी ‘ऑक’ ही आज्ञा १९७७ मधील आहे. एहो, वाइनबर्गर व कर्निहॅन या तीन कर्त्यांच्या आद्याक्षरांवरून तिचें नांव पडलें. लिनक्स किंवा मॅक यंत्रावर हीं साधनें मुळांतच असतात. विंडोज यंत्रावर ‘डब्ल्यूएसएल’ ही सोय करून घेतल्यास मिळतात. त्यांस पैसा पडत नाहीं. आज्ञा मात्र इंग्रजी लहान लिपींत टंकावी लागते, म्हणून पुढें जेथें आज्ञेचें नांव येईल तेथें वाचकांनीं तीं अक्षरें इंग्रजींत समजावींत.

आतां ज्या प्रसंगावरून हा लेख लिहावासा वाटला तो सांगतों. दोन वर्षांपूर्वीं आमच्या भागांतील एका उपसा सिंचन संस्थेनें उन्हाळी पाळ्यांसाठीं खातेदारांची यादी करून देण्याचें काम मजकडे सोंपविलें. आलेली यादी ७ पानांची, खातेदार २१४. मीं ती चिकटविली, मोडकीतोडकी दिसणारी प्रत्येक ओळ निरुपयोगी समजून गाळली, राहिलेल्या ओळींस नवे अनुक्रमांक घातले, आणि यादी संस्थेच्या फलकावर लागली. तिच्यावरून पाळ्या ठरल्या. दहा-बारा दिवसांनीं एक विधवा बाई माझ्या ओसरीवर येऊन उभी राहिली. तिचा उन्हाळी भुईमूग आऱ्या धरण्याच्या वेळेस आला होता व पाणी आलें नव्हतें. पण ती पाण्याचें कांहींच बोलली नाहीं. ती म्हणाली, “भाऊसाहेब, माझं नांव कोणी कमी केलं? दिरानं अर्ज दिला काय?”

ज्यांनीं महसुली खात्यांत दिवस काढले आहेत त्यांस या प्रश्नांतील भय समजेल. नवऱ्यामागें मोठ्या मिनतवारीनें वारस म्हणून लागलेलें नांव फलकावरील यादींत दिसलें नाहीं, म्हणजे सातबाऱ्यावरूनही गेलें, असाच तिनें अर्थ घेतला होता. मीं तिला सातबारा काढून दाखविला. “बाई, तुमचें नांव कायम आहे. चूक माझ्या यादींत आहे,” असें सांगितलें. पाणी दुसऱ्या दिवशीं मिळालें. भुइमुगाचें जें व्हावयाचें तें थोडेंबहुत झालें होतें.

रात्रीं मूळ यादी पुन्हा काढून बसलों, तेव्हां कोणकोणत्या जागीं चुकलों तें एकेक दिसूं लागलें. तोच क्रम येथें देतों.

पहिली गोष्ट, चिकटविलेला मजकूर जसाच्या तसा एका फाइलींत ठेवून तिला ‘अस्सल’ असें नांव द्यावें व तिला पुन्हा हात लावूं नये. हीं साधनें अस्सल वाचून नवी नक्कल काढतात, त्यामुळें हा नियम पाळणें सोपें जातें. एक मात्र धोका आहे. आज्ञेचें उत्तर फाइलींत घालण्यासाठीं उजवीकडे टोंक असलेल्या कोनाचें चिन्ह वापरतात; त्या चिन्हापुढें जर चुकून अस्सल फाइलीचेंच नांव घातलें, तर आज्ञा वाचावयास सुरुवात करण्यापूर्वींच ती फाइल कोरी होते. यंत्र विचारीत नाहीं, थांबत नाहीं. मीं स्वतः एक फाइल अशी घालविली आहे.

दुसरी गोष्ट, ओळी मोजाव्या. ‘डब्ल्यूसी’ या आज्ञेपुढें आडवी रेघ व ‘एल’ हें अक्षर देऊन फाइलीचें नांव दिलें, कीं ओळींची संख्या मिळते. माझ्या फाइलींत २२६ ओळी होत्या. त्यांतील ७ ओळी प्रत्येक पानाच्या माथ्यावरील मथळ्याच्या व १ शेवटची ‘एकूण’ ची. मथळ्याच्या ओळी ‘ग्रेप’ या आज्ञेनें, आडवी रेघ व ‘व्ही’ देऊन, वगळतां येतात. ‘एकूण’ ची ओळ वेगळ्या फाइलींत जपून ठेवावी. मीं ती पहिल्या वेळीं कचऱ्यांत टाकली होती व त्याबरोबर ताळा पाहण्याचें साधनही टाकलें होतें. राहिल्या २१८ ओळी. खातेदार २१४ आणि ओळी २१८, म्हणजे चार ओळी अधिक कां, हा प्रश्न येथेंच पडावयास हवा होता.

त्याचें उत्तर ज्या आज्ञेनें मिळतें ती मला सर्वांत उपयुक्त वाटते. ऑक प्रत्येक ओळ मोकळ्या जागांवर तोडून तिचे शब्द मोजते व ती संख्या ‘एनएफ’ या दोन मोठ्या इंग्रजी अक्षरांखालीं ठेविते. एकेरी अवतरणांत महिरपी कंस घालून त्यांत ‘प्रिंट एनएफ’ असें लिहावें, पुढें फाइलीचें नांव द्यावें. मग उभी रेघ व ‘सॉर्ट’. मग पुन्हा उभी रेघ व ‘युनिक’, म्हणजे यू, एन, आय, क्यू हीं चार अक्षरें, आणि त्यापुढें आडवी रेघ व ‘सी’. एवढ्यानें ओळींच्या ठेवणीची तेरीज हातीं येते. माझ्या यादीची तेरीज अशी निघाली: सहा शब्दांच्या ओळी १८७, सात शब्दांच्या १४, पांच शब्दांच्या ९, चार शब्दांच्या ४ आणि दोन शब्दांच्या ४.

अनुक्रमांक एक, गट नंबर एक, नांवाचे तीन शब्द व क्षेत्र एक, मिळून सहा. ही नेहमींची ओळ. सात शब्दांच्या ओळींत नांव चार शब्दांचें, पांच शब्दांच्या ओळींत दोन शब्दांचें. (पैकीं ३ ओळींत खरोखर दोन शब्द नसून, त्यांच्यामध्यें ‘न तुटणारी’ जागा होती. संकेतस्थळांवरून आलेल्या मजकुरांत अशी जागा पुष्कळ वेळां येते. ती डोळ्यांस मोकळी दिसते, पण ऑक तिला मोकळी समजत नाहीं. ती जागा यादींतूनच उचलून ‘सेड’ या आज्ञेंत चिकटवावी व तिच्या जागीं साधी जागा घालावी.) खरी गोम शेवटच्या दोन आंकड्यांत आहे. चार शब्दांच्या ४ व दोन शब्दांच्या ४ ओळी म्हणजे आठ मोडक्या ओळी नव्हेत. ते चार पुरते खातेदार आहेत. नांव लांब असल्यामुळें छापील रकान्यांत तें मावलें नाहीं, त्याची शेंपटी दुसऱ्या ओळीवर गेली व क्षेत्रही तिच्याबरोबर गेलें. त्या चारांपैकीं तीन नांवें स्त्रियांचीं होतीं. स्वतःचें नांव, नवऱ्याचें नांव आणि जोडआडनांव अशी लांबी त्यांच्याच नोंदींस अधिक येते, हें मीं इतकीं वर्षें नोंदी लिहून कधीं मनांत आणलें नव्हतें. मीं पांचांहून कमी शब्दांच्या ओळी गाळल्या व हे चार खातेदार गळाले. त्यावर नवे अनुक्रमांक घातल्यामुळें जुन्या अनुक्रमांकांत पडलेला खंडही झांकला गेला. जुना अनुक्रमांक कधींही काढूं नये. तो पहारेकरी आहे.

तुटलेल्या ओळी जोडण्याची रीत सोपी आहे. पुरी ओळ कोणती, याची एक खूण ठरवावी. आमच्या यादींत प्रत्येक पुऱ्या ओळीचा शेवटचा शब्द क्षेत्राचा, आणि क्षेत्रांत नेहमीं दोन टिंबें. ऑकमध्यें शेवटच्या शब्दास डॉलरचें चिन्ह व एनएफ असें म्हणतात. त्या शब्दांत दोन टिंबें असतील तर ओळ छापून पुढें नवी ओळ धरावी. नसतील तर ओळ छापून नुसती एक मोकळी जागा सोडावी, म्हणजे पुढची ओळ तिलाच येऊन चिकटते. यासाठीं ‘प्रिंट’ ऐवजीं ‘प्रिंटएफ’ वापरावें, कारण प्रिंट ही आज्ञा स्वतःहून ओळ मोडते. हें केल्यावर ओळी पुन्हा मोजल्या, २१४ भरल्या.

नांवाचे शब्द कमीअधिक असल्यामुळें रकाने डावीकडून मोजीत गेल्यास फसगत होते: सहाव्या शब्दास क्षेत्र मानलें, तर सात शब्दांच्या ओळींत तेथें आडनांव येतें. म्हणून अनुक्रमांक व गट नंबर डावीकडून घ्यावे, क्षेत्र उजवीकडून घ्यावें, आणि मध्यें जें उरेल तें सर्व नांव समजावें. या चार भागांमध्यें टॅबची खूण घातली, कीं रकाने पुन्हा उभे राहतात.

आतां आंकडे. सरकारी यादी मराठींत असेल तर आंकडे नागरी असतात, आणि ऑक नागरी आंकडा ओळखीत नाहीं. ज्या शब्दाच्या आरंभीं इंग्रजी आंकडा नाहीं त्याची किंमत ती शून्य धरते. मीं पहिल्यांदा क्षेत्राची बेरीज मागितली तेव्हां उत्तर शून्य आलें. ही चूक उपकारक म्हणावी, कारण ती ओरडून सांगते. उपाय सेडचा: एकेरी अवतरणांत ‘वाय’ हें अक्षर, तिरकी रेघ, शून्यापासून नऊपर्यंत नागरी दहा आंकडे, तिरकी रेघ, त्याच क्रमानें इंग्रजी दहा आंकडे, आणि पुन्हा तिरकी रेघ. दोन्ही बाजूंची लांबी सारखी नाहीं अशी तक्रार सेडनें केल्यास, यंत्राची भाषा-मांडणी ‘यूटीएफ-८’ वर नाहीं असें समजावें. अक्षरास अक्षर बदलणारी ‘टीआर’ नांवाची दुसरी आज्ञा आहे व पुस्तकांत तिचीच शिफारस आढळते; परंतु लिनक्सवरील टीआर एकेक बाइट बदलते, आणि नागरी अक्षर तीन बाइटांचें असल्यामुळें येथें ती मजकुराची नासाडी करते.

न ओरडणारी चूक क्षेत्रांत आहे. सातबाऱ्याचें क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असें तीन भागांत लिहितात. १.२०.५० म्हणजे १ हेक्टर २० आर ५० चौरस मीटर. ऑकला हा शब्द बेरजेस दिला तर ती दुसऱ्या टिंबापाशीं थांबते व १.२० एवढेंच घेते. प्रत्येक ओळींतून चौरस मीटर तेवढे गळतात. रक्कम इतकी थोडी कीं एका ओळींत दिसून येत नाहीं. कोणी सुचवितात कीं दुसरें टिंब काढून टाकावें, म्हणजे १.२०५० हेक्टर असा सरळ दशांश होतो. हें खरें, परंतु प्रत्येक भाग दोन आंकडी असेल तरच. एखाद्या लेखनिकानें ५ आर हे ०.५.० असे लिहिले असतील तर टिंब काढतांच त्यांचे ५० आर होतात. म्हणून मी ‘स्प्लिट’ या क्रियेनें क्षेत्राचे टिंबावर तीन तुकडे करतों, पहिल्यास १०,००० नें व दुसऱ्यास १०० नें गुणून तिसरा त्यांत मिळवितों, आणि सर्व हिशेब पूर्ण चौरस मीटरांत करतों. शेवटीं वाटेल तर भाग द्यावा. आमचे जुने सभासद अजून एकर-गुंठ्यांतच बोलतात. त्यांच्यासाठीं चौरस मीटरांस १०१.१७ नें भागिलें कीं गुंठे येतात, आणि ४० गुंठ्यांचा एकर.

या रीतीनें बेरीज १६,३२,७४५ चौरस मीटर आली, म्हणजे १६३ हेक्टर २७ आर ४५ चौरस मीटर. जपून ठेवलेल्या ‘एकूण’ च्या ओळीशीं ती अक्षरशः जुळली. माझ्या पहिल्या यादीची बेरीज होती १६०.६४ हेक्टर. फरक २ हेक्टर ६३ आर ४५ चौरस मीटर. पैकीं २ हेक्टर १० आर ३० चौरस मीटर त्या चार खातेदारांचें, आणि उरलेले ५३ आर १५ चौरस मीटर बाकीच्या २१० जणांच्या क्षेत्रांतून थेंबथेंब गळालेले. कचेरींत असतां पानबेरजेंत एका गुंठ्याचा फरक आला तरी दिवा लावून बसणारा मी, यंत्रानें केलेल्या बेरजेचा ताळा पाहिला नाहीं. यंत्र बेरजेंत चुकत नाहीं, हें मनांत बसलें होतें. तें बेरजेंत चुकलेंही नव्हतें.

क्रम लावण्याचें थोडक्यांत सांगतों. सॉर्ट या आज्ञेस कांहीं न सांगतां सोडलें तर ती अक्षरानुक्रम धरते, आणि १०० हा गट १२ च्या आधीं येतो. आडवी रेघ व मोठ्या लिपींतील ‘व्ही’ दिल्यास, लिनक्सवर तरी, १२/१, १२/२, १२/१०, १०० असा माणसाला अपेक्षित क्रम लागतो. नंतर डोळ्यांखालून घालण्यासाठीं ‘कॉलम’ ही आज्ञा आडवी रेघ व ‘टी’, आणि आडवी रेघ व ‘एस’ पुढें टॅबची खूण देऊन वापरावी. ती रकाने सरळ रेषेंत आणते. नागरी अक्षरांस काना-मात्रा असल्यामुळें नांवाचा रकाना थोडा वांकडा दिसतो, तिकडे लक्ष देऊं नये. छपाईसाठीं टॅबची फाइल तक्त्यांत घेतांना गट नंबरचा रकाना ‘मजकूर’ म्हणून आधीं ठरवून द्यावा, नाहींतर तारखांची पीडा शेवटच्या पायरीवर पुन्हा उभी राहते.

ज्या याद्या जुन्या ठशांवरून निघालेल्या असतात त्या चिकटवितांच अक्षरेंच फुटतात, काना एकीकडे व वेलांटी दुसरीकडे. तेथें रकान्यांचा खटाटोप व्यर्थ होय. अशा वेळीं ज्या कचेरींतून यादी आली तेथें मूळ तक्त्याची फाइल अर्ज करून मागावी.

नवी यादी दुसऱ्या दिवशीं सकाळीं फलकावर लावली. जुन्या अनुक्रमांकासह २१४ नांवें, खालीं क्षेत्राची एकूण व तिच्या बाजूस मूळ यादीची एकूण, अशा दोन्ही रकमा शेजारीं शेजारीं लिहिल्या. त्या बाईस वाचतां येत नाहीं. तिनें आपल्या नातवास पुढें करून १४३ व्या ओळीवर बोट ठेवावयास लाविलें, आणि क्षेत्र दोनदां वाचून घेतलें.